गाठ लपवू नये



गेल्या अंकात आरोग्यविम्याविषयी लिहिले होते. तो अंक घरोघरी पोहोचला आणि दोनच दिवसांनी आडते बाजारातील एका व्यापारी बंधूंचा दूरध्वनी आला. मी नोकरीत असताना त्यांच्या पेढीचे कॅश क्रेडिट खाते माझ्याकडे होते. त्यामुळे परिचय जुना. त्यांनी विचारले, "साहेब, पॉलिसीच्या अर्जात जुनी गाठ दाखवावी लागते का?" गाठ कोणाची आणि तपासली आहे का, असे मी विचारताच ते क्षणभर थांबले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मुलीची आहे. छातीत. आठ महिने झाले. अजून कोणाला दाखवली नाही. सगपणाचे बोलणे चालू आहे ना..."

विम्याचा प्रश्न मी बाजूला ठेवला. दुसऱ्याच दिवशी माझी पत्नी त्या मायलेकींबरोबर रुग्णालयात गेली. डॉक्टरांनी हाताने तपासले, सोनोग्राफी केली आणि सुईने गाठीतील लहानसा तुकडा काढून तपासणीस पाठविला. काही दिवसांनी अहवाल आला. ती फायब्रोॲडिनोमा नावाची साधी गाठ होती. कर्करोगाशी तिचा संबंध नव्हता. परत येताना तेवीस वर्षांची ती मुलगी माझ्या पत्नीला म्हणाली, "काकी, मी रोज रात्री हात लावून बघत होते, वाढली का ते." आठ महिने त्या मुलीने ही भीती एकटीने वागविली. त्या कुटुंबाच्या अनुमतीने आणि ओळख पटू नये अशा बेताने हे लिहीत आहे, कारण अशी गाठ आपल्या समाजातील अनेक घरांत झाकून ठेवलेली असते, अशी मला शंका आहे.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. वैद्यकाचा अधिकार मला नाही. परंतु त्या निमित्ताने डॉक्टरांना जे प्रश्न विचारले आणि जे वाचन केले, त्यातून मला समजलेले सोप्या शब्दांत मांडतो.

आपल्या शरीरातील पेशी सतत विभागत असतात. जुन्या झिजतात, नव्या त्यांची जागा घेतात. केव्हा विभागायचे आणि केव्हा थांबायचे, याचे आदेश पेशीतील जनुकांत लिहिलेले असतात. एखाद्या पेशीच्या या लेखनात चूक झाली की ती गरजेपेक्षा अधिक विभागू लागते. तिच्यापासून झालेल्या सर्व पेशींत तीच चूक उतरते आणि त्यांचा समूह म्हणजे गाठ. सौम्य गाठ आणि कर्करोगाची गाठ यांत मुख्य भेद मर्यादेचा आहे. सौम्य गाठ वाढली तरी आपली सीमा सोडत नाही. पुष्कळदा तिच्याभोवती एक आवरण असते. शेजारच्या भागाला ती ढकलते, दाबते, पण त्याच्यात शिरत नाही आणि रक्तावाटे दूरच्या अवयवात जाऊन नवे ठाणे मांडत नाही. कर्करोग ही दोन्ही कामे करतो.

आपल्या पूर्वजांनाही गाठींचे प्रकार करावेसे वाटले होते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात 'ग्रंथी' आणि 'अर्बुद' यांचे वेगवेगळे वर्णन आहे. अर्बुद मोठे, खोल मुळाचे, हळूहळू वाढणारे आणि न पिकणारे असते, असे तेथे म्हटले आहे. डोळ्यांनी आणि बोटांनी जेवढे कळू शकते, तेवढे त्यांनी नोंदविले. आज सूक्ष्मदर्शकाची सोय असताना आपण मात्र अंदाजावर विसंबतो, हे नवल आहे.

सौम्य गाठीचे सर्वांत परिचित उदाहरण आपल्या प्रत्येकाच्या अंगावर आहे, ते म्हणजे तीळ. मेलॅनोमा नावाच्या त्वचेच्या भयंकर कर्करोगात ज्या जनुकातील बिघाड वारंवार आढळतो, तोच बिघाड बहुसंख्य साध्या तिळांतही असतो, हे सुमारे वीस वर्षांपूर्वी उघड झाले. मग प्रत्येक तिळाचा कर्करोग का होत नाही? २००५ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी याचा उलगडा केला. या पेशी काही काळ वाढतात आणि नंतर त्यांचा अंतर्गत ब्रेक लागतो. त्या जिवंत राहतात, पण विभागणे थांबवितात. म्हणूनच तीळ वर्षानुवर्षे तेवढाच राहतो. कर्करोग होण्यासाठी एक चूक सहसा पुरत नाही. ब्रेकही निकामी व्हावे लागतात.

स्त्रियांच्या गर्भाशयातील फायब्रॉइड ही अशीच अत्यंत सामान्य गाठ. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासानुसार तेथील दर दहा स्त्रियांपैकी सात-आठ जणींना पन्नाशीपर्यंत फायब्रॉइड होतात. अनेकींना त्याचा पत्ताही नसतो. २०११ मध्ये फिनलंडमधील शास्त्रज्ञांना सुमारे सत्तर टक्के फायब्रॉइडमध्ये 'मेड-१२' या एकाच जनुकातील बदल सापडला. तीन वर्षांनी सिंगापूरच्या संशोधकांना तोच बदल स्तनातील फायब्रोॲडिनोमांपैकी निम्म्याहून अधिक गाठींत आढळला. अवयव दोन, पण चूक एकच. या दोन्ही गाठींना वाढीचे बळ स्त्रीच्या शरीरातील संप्रेरकांकडून मिळते. त्यामुळे त्या तारुण्यात दिसतात, गरोदरपणी कधी वाढतात आणि पाळी गेल्यावर बहुधा आक्रसतात. यात त्या मुलीच्या आहाराचा, वागण्याचा किंवा कोणाच्या नजरेचा काही दोष नाही. मार लागल्यामुळे स्तनात गाठ झाली, असेही पुष्कळदा सांगितले जाते. खरे तर माराच्या निमित्ताने हात तेथे जातो आणि आधीपासून असलेली गाठ सापडते.

सौम्य म्हणजे नेहमीच निरुपद्रवी, असा मात्र अर्थ नाही. मेंदूच्या आवरणातील मेनिन्जिओमा बहुधा सौम्य असतो. पण कवटीत जागा मोजकी असल्याने त्याचा दाब जीवावर बेतू शकतो. पियुषिका ग्रंथीतील लहानशी गाठ संप्रेरके वाढवून साऱ्या शरीराचा हिशेब बिघडविते. मोठ्या आतड्यातील काही पॉलिप आज सौम्य असतात, परंतु त्यांतील थोड्यांचा दहा-पंधरा वर्षांत कर्करोग होतो. असे पॉलिप वेळीच काढले की होऊ घातलेला कर्करोगच टळतो. बँकेच्या भाषेत, जे खाते आज नियमित आहे त्यावरही लक्ष ठेवावे लागते.

आता भीतीच्या दोन बाजू सांगतो. दोन्ही आमच्याच घरात घडल्या.

माझ्या थोरल्या वहिनींच्या स्तनात गाठ होती. ती दुखत नव्हती, म्हणून साधीच असणार, असे त्यांनी धरून चालविले. त्या वर्षी त्यांचे वर्षीतप चालू होते. मग चातुर्मास आला. मग मुलाचे लग्न. "एवढे पार पडू दे, मग दाखवते," असे त्या म्हणत. दाखविली तेव्हा रोग काखेपर्यंत आणि पुढे हाडांत पोहोचला होता. दोन वर्षांत त्या गेल्या. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, ही साधी गोष्ट आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हती. आजार हा असातावेदनीय कर्माचा उदय आहे, असे आपण मानतो. परंतु काल, स्वभाव, नियती आणि कर्म यांच्या बरोबरीने पुरुषार्थालाही आपल्या शास्त्राने स्थान दिले आहे. तपासणी करून घेणे हा पुरुषार्थच होय.

दुसरी बाजू माझ्या पत्नीची. शेहेचाळिसाव्या वर्षी तिच्या गर्भाशयात दोन फायब्रॉइड निघाले. एका डॉक्टरांनी अहवाल पाहताच सांगितले, "पिशवी काढून टाका, उद्या कर्करोग झाला तर?" आम्ही घाबरलो आणि तारीखही ठरविली. सुदैवाने एका नातलगाने दुसरे मत घेण्याचा आग्रह धरला. फायब्रॉइडचे कर्करोगात रूपांतर होणे अत्यंत दुर्मिळ असते, रक्तस्राव फार नसेल तर वाट पाहता येते, असे दुसऱ्या डॉक्टरांनी समजावून सांगितले. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी होत राहिली. पाळी गेल्यावर गाठी लहान होत गेल्या. शस्त्रक्रिया करावी लागली नाही.

आमच्याजवळ दुसरे मत घेण्याइतका पैसा आणि वेळ होता. आपल्या जिल्ह्याच्या शेजारी, बीडमध्ये, हजारो ऊसतोड भगिनींजवळ तो नव्हता. याच भगिनी पाथर्डीच्या वाटेने आपल्याकडील कारखान्यांवर येतात. २०१९ मध्ये राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. कित्येकींना किरकोळ तक्रारीसाठी कर्करोगाचे भय घातले गेले होते; शिवाय पाळीच्या दिवसांत बुडणारी मजुरी होतीच. त्यानंतर तेथे खाजगी रुग्णालयांत अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक करण्यात आली. भीतीने वहिनींनी गाठ लपविली आणि भीतीनेच या भगिनींनी निरोगी अवयव गमावला. दोन्हीकडे राहून गेली ती योग्य तपासणी.

ही तपासणी अवघड नाही. स्तनातील गाठीसाठी तीन पायऱ्या आहेत: डॉक्टरांनी हाताने पाहणे, वयानुसार सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि गरज असेल तर सुईने नमुना घेणे. "सुई लावली की गाठ पसरते" या समजुतीला बळी पडू नये. तिच्यापायी कित्येकांनी बहुमोल महिने घालविले आहेत. गाठ कठीण असेल, हलत नसेल, झपाट्याने वाढत असेल, वरची त्वचा आत ओढली जात असेल, स्तनाग्रातून रक्त येत असेल, किंवा तिळाचा रंग व कडा बदलत असतील, तर एक आठवडाही थांबू नये. यांपैकी काही नसले तरी नवी गाठ एकदा दाखवावीच. आपल्या नगरला त्यासाठी पुण्या-मुंबईला धावण्याचे कारण नाही. आचार्यसम्राट आनंदऋषिजी महाराजांच्या स्मरणार्थ समाजाने उभारलेले आनंदऋषिजी हॉस्पिटल येथेच आहे. जिल्ह्याच्या उत्तर भागातील कुटुंबांना लोणीचे प्रवरा रुग्णालय जवळ पडते.

आता त्या बंधूंच्या मूळ प्रश्नाचे उत्तर. होय, विम्याच्या अर्जात गाठ दाखवावीच. 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीत सौम्य गाठी, सिस्ट आणि पॉलिप यांच्या उपचारासाठी २४ महिन्यांचा प्रतीक्षाकाल आहे. स्तनातील सौम्य गाठीचा तेथे स्पष्ट उल्लेख आहे. आधीपासून असलेल्या आजारासाठी कोणत्याही कंपनीला आता ३६ महिन्यांहून अधिक प्रतीक्षाकाल लावता येत नाही. हा नियम १ एप्रिल २०२४ पासून आहे. म्हणजे खरे सांगितल्याने फार तर थोडे थांबावे लागते. लपविले आणि पुढे उघडकीस आले, तर ऐन गरजेच्या वेळी दावा नाकारला जाऊ शकतो.

सगपणाचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. बोलणे अजून चालू आहे. "अहवाल पाहुण्यांना दाखवा," असे मुलगी म्हणते. वडिलांचे मन अजून होत नाही. त्यांना मी दोष देणार नाही. त्यांना भय गाठीचे नाही, ते आपले आहे. मुलाकडची मंडळी म्हणजे तुम्ही-आम्हीच. फायब्रोॲडिनोमामुळे विवाहाला, अपत्याला किंवा बाळाला दूध पाजण्याला सहसा बाधा येत नाही. असा अहवाल उद्या तुमच्या दिवाणखान्यात कोणी विश्वासाने पुढे ठेवला, तर त्या घराने सत्य सांगितले याचे मोल करा. सोन्याचा कस पाहणारी आपली जात. माणसाचा कस याहून कोठे चांगला कळेल?

आपल्या साधूंना प्राचीन काळापासून 'निर्ग्रंथ' म्हणतात. निर्ग्रंथ म्हणजे ज्याच्यात गाठ उरली नाही तो. राग-द्वेषाची ती ग्रंथी सोडविणे जन्मोजन्मीची साधना असेल. संसारी माणसाने निदान शरीरातील गाठ मनात बांधून ठेवू नये. हा अंक वाचून झाल्यावर घरातील स्त्रियांना, विशेषतः उपवर मुलींना, एकदा मायेने विचारावे, "काही सांगायचे राहिले आहे का?" आणि त्यांनी सांगितलेच, तर रागावू नये, दुसऱ्या दिवशी दुकान थोडे उशिरा उघडावे.