जनुकें नांवें सांगत नाहींत

वनस्पतींच्या जाति ओळखण्याचें जुनें शास्त्र आतां निकालांत निघालें, पानाचा कपटा यंत्रांत टाकला कीं त्याचें नांव बाहेर पडतें, अशी समजूत आमच्या सुशिक्षित वर्गांत अलीकडे बरीच दृढ होत चालली आहे. व्याख्यानांतून ती ऐकूं येते, वर्तमानपत्रांतून वाचावयास मिळते, आणि दुःखाची गोष्ट ही कीं, वनस्पतिशास्त्राच्या कांहीं अध्यापकांच्या तोंडूनही ती निघते. रानोमाळ हिंडून फुलें गोळा करावयाचीं, दाबून वाळवावयाचीं, कागदावर चिकटवून खालीं तिथि व ठिकाण लिहावयाचें, हा सारा उद्योग या मंडळींस बोरूच्या लेखणीइतकाच कालबाह्य वाटतो. आमच्या मतें ही समजूत चुकीची तर आहेच. पण ज्या जनुकशास्त्राच्या नांवानें ती पसरविली जाते, त्या शास्त्राचाही तिनें उपमर्द होतो.

पूर्वपक्षांत जें खरें आहे तें आधीं मोकळ्या मनानें मान्य करूं. मसाल्याच्या डब्यांतलें चक्रफूल सर्वांच्या परिचयाचें आहे. तें दक्षिण चीन व व्हिएतनाम या प्रदेशांतील एका झाडाचें फळ. याच प्रजातींतली शिकिमी नांवाची दुसरी जाति जपानांत आहे. बौद्ध मंदिरांच्या व स्मशानांच्या आवारांत ती लावतात. तिचें फळही तसेंच चांदणीच्या आकाराचें, पण विषारी. पोटांत गेल्यास आंकडी येते. २००१ मध्यें नेदरलंड्समध्यें चक्रफुलाचा चहा पिऊन कित्येक लोक आजारी पडले ते या भेसळीमुळें, आणि २००३ मध्यें अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें असा चहा पिऊं नये म्हणून लोकांस सावध केलें. अखंड फळें शेजारीं ठेवलीं तर जाणत्या डोळ्यास फरक दिसतो. चुरा झाल्यावर डोळ्याचें कांहीं चालत नाहीं. तेथें डीएनएचा नेमका खंड वाचला कीं भेद उघडा पडतो. आपल्याकडे अशोकाच्या सालींत आसोपालवाची साल मिसळतात, त्या भुकटीचाही न्याय असाच करतां येतो. (उभ्या झाडांत जे गोंधळ करतात त्यांना मात्र जनुकशास्त्राची नव्हे, चष्म्याची गरज आहे. अशोकाचें पान संयुक्त, आसोपालवाचें साधें. दोघांचें कूळही एक नाहीं.)

येथवर आमचें व पूर्वपक्षाचें भांडण नाहीं. भांडण यापुढें आहे.

२००३ मध्यें कॅनडांतील पॉल हेबर्ट यांनीं अशी योजना मांडली कीं, प्राण्यांच्या एका ठराविक जनुकाचा लहानसा खंड घ्यावा आणि दुकानांतील मालावरच्या बारकोडासारखा जाति ओळखण्यास त्याचा उपयोग करावा. प्राण्यांत ती पुष्कळ साधली. वनस्पतींत तें जनुक फारच मंद गतीनें बदलतें, म्हणून दुसरीं शोधावीं लागलीं. २००९ मध्यें हरितकणूंतील आरबीसीएल व मॅटके या दोन जनुकांची निवड झाली. निवडीच्या वेळीं जी परीक्षा घेतली तींत शंभरांपैकीं बहात्तर जाति ओळखतां आल्या. हा आंकडा विजयपताकेसारखा फडकविण्यांत येतो. राहिलेल्या अठ्ठाविसांचें काय झालें हें मात्र कोणी सांगत नाहीं. त्या अमुक प्रजातींतल्या अमुक गटांत पडतात, येथपर्यंत उत्तर आलें. त्या गटांतली नेमकी कोणती, हें आलें नाहीं. सख्ख्या बहिणींतला भेद सांगावा म्हणून ज्याला बोलाविलें, त्यानें ‘या एकाच घरच्या आहेत’ असें सांगून निरोप घेतला!

असें कां व्हावें, हें युरोपांतील ओक वृक्षांच्या उदाहरणानें चांगलें कळतें. तेथें ओकाच्या दोन जाति सर्वत्र शेजारींशेजारीं वाढतात. एकीच्या फळाला लांब देंठ असतो व पान जवळजवळ बिनदेंठाचें असतें. दुसरीचें याच्या उलट, पानाला देंठ व फळ फांदीलाच चिकटलेलें. पहिली ओलसर, जड जमिनींत सुखानें वाढते. दुसरीला उताराची, निचऱ्याची जागा मानवते. दोघींचा संकर होतो, मधलीं झाडेंही सांपडतात, आणि म्हणून या खरोखर दोन जाति आहेत कीं एकच, हा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालला. गेल्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या हरितकणूंतील डीएनए तपासण्यांत आला. निघालें काय? एकाच रानांतल्या दोन्ही जातींच्या झाडांत बहुधा एकच प्रकार आढळला, आणि दूरच्या रानांत एकाच जातीच्या झाडांत निराळा. हरितकण ओकांत केवळ मातेकडून येतात. हिमयुगानंतर ओक दक्षिणेकडून उत्तरेस सरकत गेले. वाटेंत एका जातीचे पराग दुसरीच्या फुलांवर पुनःपुन्हां पडले, आणि पित्याकडचें रूप घेऊन परंतु मातेकडचे हरितकण घेऊन नवीं झाडें उभीं राहिलीं. झाडाचें आजोळ कोठलें, स्पेनकडचें, इटलीकडचें कीं बाल्कन प्रदेशांतलें, हें हरितकण अचूक सांगतात. कूळ विचारलें तर त्यांना ठाऊक नसतें. आजोळावरून आडनांव ठरविण्याचा हट्ट कोणी धरला तर दोष आजोळाचा नव्हे.

पुढें केंद्रकांतील डीएनएच्या खुणा तपासल्या तेव्हां, २००० मध्यें, दोन निराळे समूह स्पष्ट दिसले. ज्यांनीं देंठ मोजून दोन जाति मानल्या होत्या त्यांचेंच म्हणणें खरें ठरलें. पुढील संशोधनानें असेंही दाखविलें आहे कीं, या दोन जातींच्या जनुकसंचाचा बराच भाग परस्परांत मिसळत आला असून थोडे विभाग तेवढे वेगळेपण टिकवून आहेत. जनुकशास्त्राचा हा विजय आम्हांस मनापासून मान्य आहे. पण त्यानें केलें काय तें पाहावें. त्यानें झाडांचे दोन ढीग पाडले. यांतला कोणता ढीग कोणत्या नांवाचा, हें सांगावयास पुन्हां फळाच्या देंठापाशींच यावें लागलें.

विलो वृक्षांची गोष्ट याहून बिकट आहे. आपल्या नदीकांठचा वाळुंज याच प्रजातींतला. त्यांत हरितकणूंचा एकच प्रकार अनेक भिन्न जातींत पसरलेला आढळतो, आणि बारकोडाची तेथें पुरती फजिती झालेली आहे.

यावर ‘संपूर्ण जनुकसंच वाचला कीं सारे प्रश्न सुटतील’ असें उत्तर मिळतें. ढीग अधिक नेटके पडतील, हें आम्हांस कबूल आहे. परंतु नांव हें जनुकांत लिहिलेलें नसतें. वनस्पतींच्या नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. १ जानेवारी १९५८ पासून नव्या जातीचें नांव प्रसिद्ध करतांना तिचा मूळ नमुना कोणता हें सांगणें बंधनकारक आहे. तो नमुना बहुतेक वेळां एखाद्या संग्रहांतला वाळका कागदच असतो. यंत्र ज्या कोशाशीं अक्षरें ताडून पाहतें, त्या कोशांतलें प्रत्येक नांव कोणीतरी फूल हातांत धरून ठरविलेलें असतें. तेथें चूक झाली तर यंत्र ती चूक अत्यंत तत्परतेनें व बिनचूकपणें पुढच्या हजार ठिकाणीं पोंचवितें.

आणि असे संग्रह आतां ओझें वाटूं लागले आहेत. अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठानें आपला सव्वाआठ लाख नमुन्यांचा संग्रह बंद करण्याचें फेब्रुवारी २०२४ मध्यें जाहीर केलें. कारण सांगितलें खर्चाचें. जुन्या वाळक्या पानांतूनही आज डीएनए काढतां येतो, म्हणजे जनुकशास्त्रामुळें या कागदांचें मोल वाढलें, आणि नेमक्या त्याच काळांत ते अडगळ ठरावेत! आमच्याकडे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्रिन्सिपॉल थिओडोर कुक यांनीं मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळांत सिद्ध केला तो अशाच वाळक्या नमुन्यांच्या आधारावर. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांतील ब्लॅटर संग्रहाचा आरंभ १९०६ चा. सह्याद्रीवरच्या एखाद्या वनस्पतीचा डीएनए उद्यां कोणी वाचला, तर तो ताडून पाहण्यास लागणारीं नांवें याच कपाटांतून यावयाचीं आहेत.

तेव्हां औषधी वनस्पतींच्या व्यापाऱ्यांस शुद्धतेचे दाखले देणाऱ्या प्रयोगशाळांना आमचें एक मागणें आहे. दाखल्यावर जातीचें नांव छापतां त्याच्याच खालीं, तें कोणत्या नमुन्याशीं ताडून ठरविलें, तो नमुना कोणत्या संग्रहांत आहे व त्याचा क्रमांक काय, एवढी एक ओळ छापावी. ज्यांना ती छापतां येत नसेल त्यांनीं जातीचें नांवही छापूं नये, प्रजातीवर थांबावें.