आधी हात आवरायला शिकवा

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे



शाळेच्या पुस्तकांत आपत्ती व्यवस्थापनाच्या निमित्ताने प्रथमोपचार येतो. मुले त्याचे मुद्दे पाठ करतात, परीक्षेत क्रमाने लिहितात आणि गुण मिळवतात. त्याच मुलांच्या घरी कढईतले तेल कुणाच्या हातावर उडाले, तर नळाकडे जाण्याआधी टूथपेस्ट नाहीतर हळदीचा डबा शोधला जातो, आणि मुद्दे पाठ असलेले मूलच तो डबा आणून देते. यात त्याचा दोष नाही. काय करावे हे पुस्तकाने सांगितले. पण घरात आजवर जे करत आले ते का करू नये, हे पटेल असे कुणी सांगितले नाही, आणि योग्य ते त्याच्या हातून एकदाही करून घेतले नाही. मंडळाकडे मागणे आहे ते एवढेच : दहावीला प्रथमोपचाराचे प्रात्यक्षिक सक्तीचे करावे, आणि त्याची सुरुवात चुकीचे उपाय मोडण्यापासून करावी.

प्रथमोपचाराचा विषय निघाला की आपण धरून चालतो, लोकांना काही येत नाही म्हणून ते गांगरून उभे राहतात. रस्त्यावरच्या अपघातात तसे होतही असेल. घरात, शेतावर, वाडीवर मात्र कुणी स्वस्थ बसत नाही. फिट आली की कांदा किंवा चप्पल हुंगवतात, दातखीळ उघडायला तोंडात चमचा घालतात; त्याने दात तुटतात, श्वास अडतो आणि फिट काही थांबत नाही. नाकाचा घोळणा फुटला की डोके मागे धरतात, म्हणजे रक्त घशात उतरते. खरे तर पुढे वाकून नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटे चिमटीत धरायचा असतो. लहान मूल रॉकेल प्यायले तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढतात, आणि पोटात गेलेले रॉकेल उलटीबरोबर फुप्फुसात शिरते. कुत्रा चावला की जखमेत हळद, चुना, मिरचीपूड भरतात. रेबीजच्या विषाणूवरचे स्निग्ध कवच साबणाने फुटते, म्हणून वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे जखम धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. पण ज्या जखमेत चुना भरला ती कोण धुणार? यातला प्रत्येक उपाय मायेने केलेला असतो. म्हणूनच तो मोडायला नुसती माहिती पुरत नाही. त्यामागचे कारण पटावे लागते आणि हाताला दुसरी सवय लागावी लागते.

सर्पदंशात याची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सुमारे 12 लाख माणसे साप चावून मेली असा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. त्यांतले बहुतेक मृत्यू खेड्यांतले, आणि जवळजवळ निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही विषारी सापांवर चालणारे प्रतिविष देशात तयार होते. तरी माणसे दगावतात, कारण दंश आणि दवाखाना यांच्यामधल्या वेळात भलतेच काही घडत राहते. पायावर दोरी करकचून आवळली की त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि पाय सडण्याची वेळ येते. ब्लेडने चिरा दिल्या आणि साप घोणस असला, तर विषाने रक्ताची गोठण्याची ताकदच गेलेली असते, मग ती चीर वाहतच राहते. कडुलिंबाचा पाला कडू लागतो की नाही हे बघण्यात तास जातो. मण्यार तर रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दंश फारसा दुखत नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात आणि घरचे अपचन समजून ओवा देतात. करायचे असते ते साधे आहे. माणसाला धीर द्यायचा, चालू द्यायचे नाही, अंगठी-बांगड्या-जोडवी सूज चढण्याआधी काढायची, मोडलेल्या हाडाला देतात तसा हातापायाला आधार देऊन तो हलू द्यायचा नाही, आणि प्रतिविष मिळेल त्या दवाखान्याची वाट धरायची. आधाराला दप्तरातली लाकडी पट्टी चालते, बांधायला ओढणी चालते. गाठ मात्र रक्त अडवणारी नको. ती सैल पण हलू न देणारी गाठ कशी असते, हे फळ्यावर लिहून कळत नाही. शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या हाताला ती बांधूनच बघावी लागते.

शाळेत शिकवून फरक पडतो का, याचा पुरावा हृदयक्रिया बंद पडण्याच्या बाबतीत मिळतो. नॉर्वेने 1961 पासूनच शाळांत प्रथमोपचाराचे शिक्षण सक्तीचे केले. डेन्मार्कने 2005 मध्ये ते शाळांत आणले आणि पुढच्याच वर्षी वाहन परवाना काढणाऱ्यांनाही लागू केले. तिथे 2001 मध्ये रस्त्यात किंवा घरात कोसळलेल्या पाचांपैकी एकालाच जवळच्या माणसाने छातीवर दाब देऊन मदत केली होती. 2010 मध्ये हे प्रमाण 45 टक्क्यांच्या आसपास गेले, आणि महिनाभर जगलेल्यांचे प्रमाण 3.5 टक्क्यांवरून 10.8 टक्क्यांवर आले. सगळे श्रेय शाळेला देता येणार नाही, त्या काळात रुग्णवाहिका आणि इस्पितळेही सुधारली. पण रुग्णवाहिका येईपर्यंतची मिनिटे शेजाऱ्याच्याच हाती असतात, आणि तिथला शेजारी बदलला तो शिकवल्यामुळे. आपल्याकडे 108 क्रमांकाची सेवा 2014 पासून आहे आणि ती अनेकांना वेळेवर पोचवते. तरी हृदय थांबल्यावर चार-पाच मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते, आणि तेवढ्यात घाटातल्या वाडीवर काय किंवा ठाण्याच्या वाहतूक कोंडीत काय, कुठलीही गाडी पोचत नाही. आधी 108 लावायचा आणि मग हात चालवायचे, हा क्रम मुलाला माहीत हवा.

अभ्यासक्रम आधीच फुगला आहे, ही पहिली हरकत, आणि ती रास्त आहे. म्हणून नवे पुस्तक नको, नवा तासही नको. ऋतू बघून चार प्रात्यक्षिके पुरेत. जूनमध्ये शाळा उघडतात तेव्हा सर्पदंश. दिवाळीच्या सुट्टीआधी भाजणे : नळाचे गार वाहते पाणी 20 मिनिटे, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. संक्रांतीच्या आधी रक्तस्राव, कारण नायलॉन मांजाने गळे आणि बोटे कापतात ती तेव्हाच. स्वच्छ फडके ठेवून घट्ट दाबायचे आणि दर मिनिटाला उचलून बघायचे नाही. पहिली सहामाही संपताना छातीवरचा दाब. चार विषय, प्रत्येकी दोन तासिका, शारीरिक शिक्षणाच्या वेळेतच बसतात.

दुसरी हरकत जबाबदारीची : मुलाच्या हातून काही बिघडले तर? कोसळलेल्या, हाकेला ओ न देणाऱ्या, श्वास न घेणाऱ्या माणसाचे हृदय थांबलेले असते. दाब देताना बरगडी मोडली तर ती जुळते, दाबच न मिळालेला माणूस परत येत नाही. रस्त्यावरच्या जखमींच्या बाबतीत कायदाही मदत करणाऱ्याच्या पाठीशी आहे. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठीच्या मार्गदर्शक सूचनांवर शिक्कामोर्तब केले आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आले; सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्यापायी दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. शिवाय इथे मागितलेले निम्मे शिक्षण काय करू नये याचे आहे. हात आवरायला शिकलेल्या मुलाच्या हातून नुकसान कमीच होईल.

तिसरी हरकत साधनांची. सरावाच्या बाहुल्या महाग असतात हे खरे. पण दाबाची लय आणि हाताची ठेवण शिकायला घट्ट भरलेली उशी किंवा चादरींचे बोचके चालते. तळहाताचा मनगटाजवळचा भाग छातीच्या मधोमध, दुसरा हात त्यावर, कोपरे ताठ, सेकंदाला जवळजवळ दोन दाब, मोठ्या माणसाची छाती पाच-सहा सेंटिमीटर खाली जाईल इतके, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांत मुलाला घाम फुटतो, आणि आळीपाळीने का करायचे हे न सांगता कळते. शिक्षकांना तालुक्याच्या आरोग्य केंद्रात एक दिवसाचे प्रशिक्षण देता येईल. यालाही गुण ठेवले की पुन्हा घोकंपट्टी होईल, अशी शंका कुणी काढेल. तिच्यावर उपाय एकच : लेखी प्रश्न ठेवूच नये. चिठ्ठी उचलायची आणि समोर करून दाखवायचे. जमले तर श्रेणी, नाही जमले तर पुढच्या आठवड्यात पुन्हा.

अभ्यासक्रम ठरवणे आणि पुस्तके काढणे इतर संस्थांकडे असले, तरी काय तपासायचे ते मंडळ ठरवते, आणि आपल्याकडे जे तपासले जाते तेच शिकवले जाते. दरवर्षी 15 ते 16 लाख मुले दहावीला बसतात. तितक्या घरांत एक तरी माणूस असा असेल, जो हळदीचा डबा बाजूला ठेवून भाजलेला हात नळाखाली धरेल. त्यासाठी पैसा फारसा लागत नाही, परिपत्रक लागते. ते येत्या जूनच्या आत काढावे, ही विनंती.

कळावे,
आपला नम्र,
एक नागरिक