पोटरीचं माप कुणासाठी?

मैत्रिणींनो, नाक सरळ करून घेतलं, पोट कमी करून घेतलं, हे आता आपल्या कानाला सवयीचं झालंय. पण पोटऱ्यांचंही ऑपरेशन असतं, हे तुम्हाला ठाऊक होतं का? आपल्याकडे नऊवारीचा काष्टा घालून शेतात राबणाऱ्या बायांच्या पोटऱ्या पिढ्यान्‌पिढ्या उघड्या राहिल्या. त्यांचं माप कुणी घेतलं नाही. हां, मुलगी बघायला आलेली मंडळी ‘जरा चालून दाखव गं’ म्हणायची, ते मात्र होतंच!

आता माप मुलीच घेताहेत. ओळखीतल्या एका घरची एकोणीस वर्षांची लेक, खो-खो खेळणारी, पिळदार पोटऱ्यांची. ‘काकू, जीन्स बसत नाही, बसली तर पाय पुरुषासारखे दिसतात. बारीक करून घेऊ का?’ असं तिनं सरळ विचारलं. आईच्या डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, रडण्याआधी नीट माहिती तर काढू.

पोटरी मोठी करायची तर गुडघ्यामागच्या घडीत छेद घेऊन आत सिलिकॉन बसवतात, नाहीतर आपलीच चरबी दुसरीकडून काढून तिथे भरतात. बारीक करणं जास्त अवघड. चरबी असेल तर ती ओढून काढता येते, पण बहुतेकींची पोटरी स्नायूमुळे भरलेली असते. मग बोटॉक्सची इंजेक्शनं देऊन स्नायू ढिला करतात. त्याचा असर काही महिन्यांत ओसरतो, की पुन्हा पैसे मोजा. आणि शेवटचा उपाय म्हणजे स्नायूकडे जाणारी नसच तोडायची. हुकूम पोचला नाही की स्नायू आपोआप सुकतो. दक्षिण कोरियात याचं बरंच प्रस्थ आहे. तिथे भरलेल्या पोटऱ्यांना ‘मुळ्यासारखे पाय’ म्हणून हिणवतात म्हणे.

हे ऐकलं आणि माझ्या अंगावर काटा आला. नस निकामी होऊन सुकलेली पोटरी आमच्या पिढीनं वर्गात शेजारच्या बाकावर पाहिली आहे. पोलिओ दुसरं काय करायचा? पाठीच्या कण्यातल्या, स्नायू हलवणाऱ्या पेशी मारायचा. पोटरी सुकू नये म्हणून १९९५ पासून या देशानं पल्स पोलिओ चालवला. बूथवर बसून, घरोघरी फिरून मीसुद्धा बाळांच्या तोंडात थेंब घातलेत. शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालात सापडला, आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. आणि आता धडधाकट पोटरी पैसे देऊन सुकवायची?

म्हणून मी या शस्त्रक्रियांच्या सरसकट विरोधात आहे, असं समजू नका. पोलिओनं एक पोटरी काडीसारखी झालेली माझी एक मैत्रीण आयुष्यभर उन्हाळ्यातसुद्धा जाड मोजे घालून वावरली. भुसावळचा उन्हाळा काय असतो ते इथे राहणाऱ्यालाच कळतं! तिनं उद्या सिलिकॉन बसवायचं ठरवलं तर मी दवाखान्यात डबा घेऊन जाईन. फक्त आकार येईल, ताकद येणार नाही, एवढं तिला आधी सांगेन. कायद्यानंही हा फरक मानलाय. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा उपचारांना सूट मिळाली, पण निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला नाही. जन्मजात व्यंग किंवा अपघातानंतरची दुरुस्ती मात्र सुटीत राहिली.

डॉक्टर पोटरीला शरीराचं दुसरं हृदय म्हणतात. आपण चालतो तेव्हा पोटरीचा स्नायू आवळतो आणि पायातलं रक्त वर ढकलतो. तासन्‌तास नुसतं उभं राहिलं की हा पंप थंड पडतो, त्यातून पाय सुजतात, शिरा फुगून निळ्या दिसायला लागतात. पोळ्या लाटणाऱ्या बाया, शिक्षिका, कापडाच्या दुकानातल्या मुली यांच्या पोटऱ्या बघा. त्यांच्या दुखण्याची जाहिरात कुणी करत नाही. (एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, दुखली, गरम लागली, तर मात्र तेल चोळत बसू नका. आत रक्ताची गाठ असू शकते, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.)

त्या मुलीला मी एवढंच सांगितलं, की पंचवीस वर्षांची होईपर्यंत थांब, आणि जीन्स शिंप्याकडून शिवून घे. तिनं नाक मुरडलं. तिचा पाय, तिचा निर्णय, हे मलाही मान्य आहे. पण वीस-बावीस इंच घेराच्या मांडीला पेन्सिलीएवढी नळी शिवणाऱ्या कंपन्यांना दोष न देता आपण आपल्याच नसेला का दोष द्यावा, हे तिनं मला पटवून द्यावं.

केरळात दुकानातल्या बायकांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला, आणि २०१८ मध्ये तिथला कायदा बदलला. २०२१ मध्ये तामिळनाडूनंही तसंच केलं. आमच्या बाजारपेठेतल्या काही दुकानांत गिऱ्हाईक नसतानाही मुलींनी उभंच राहायचं, असा दंडक आहे. येत्या महिन्यात आम्ही चौघीजणी त्या मालकांना भेटणार आहोत. मागणी एकच, काउंटरमागे प्रत्येकीला एक स्टूल.