उंबर फोडून पाहा!



पुष्कळ दिवसांनी एखादा स्नेही भेटला, की आपण त्याला म्हणतो, "अरे, तू तर उंबराचे फूल झालास!" आणि कोणी दुसऱ्याची झाकलेली भानगड उकरू लागला, की वडीलधारी माणसे म्हणतात, "उंबर फोडून केंबरे कशाला काढता?" एकाच झाडावरून आलेली ही दोन बोलणी. उंबराचे फूल दिसत नाही, असे पहिले सांगते. आणि ते शोधायलाही जाऊ नका, असे दुसरे बजावते. व्यवहारात हा दुसरा सल्ला शहाणपणाचा असेल. विज्ञानात मात्र तो पाळला, तर ज्ञानाची वाट तिथेच बंद होईल, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझे लहानपण अमरावती जिल्ह्यातील भातकुलीला गेले. नाल्याच्या काठी एक जुने उंबर होते. शाळा सुटली, की आम्ही पोरे त्याच्या बुंध्यावर लगडलेली फळे तोडत असू. फळ फोडले, की आतून बारीक केंबऱ्यांचा थवा भुर्रकन उडे आणि आजी ओसरीवरून ओरडे, "नोको फोडू रे बाप्पा, डोयात जातीन!" एकदा मी वर्गात विचारले, "गुरुजी, उंबराला फूल केव्हा येते?" उत्तर मिळाले, "उंबराला फूल नसते. एकदम फळच येते. लिहून घ्या." मी लिहून घेतले. परीक्षेत तेच लिहिले आणि मला पूर्ण गुण मिळाले.

ते उत्तर चूक होते. त्या वेळी माझ्या हातात कोवळे उंबर होते, ते नखाने फोडण्याची ताकद होती, डोळेही चांगले होते. तरीही मी फळाकडे पाहिले नाही, वहीकडे पाहिले.

आपण ज्याला उंबराचे फळ म्हणतो, ती खरे म्हणजे आतून फुलांनी भरलेली एक बंद कुपी आहे. कोवळे उंबर उभे चिरून साध्या भिंगाखाली धरा. आतल्या भिंतीवर शेकडो चिमुकली फुले दाटीने बसलेली दिसतील. कुपीच्या टोकाला खवल्यांनी झाकलेले एक बारीक तोंड असते. स्त्रीफुले तयार झाली, की या तोंडातून केंबऱ्याची मादी आत घुसते. ही गांधीलमाशीच्या गोत्रातली, पण जेमतेम दोन मिलिमीटर लांबीची. वाट इतकी अरुंद असते, की शिरताना तिचे पंख तुटून पडतात. आत ती आपल्याबरोबर आणलेले परागकण फुलांवर टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. अंडी पडलेल्या फुलांत तिची पिल्ले वाढतात, उरलेल्या फुलांत उंबराचे बी धरते. काही आठवड्यांनी पंख नसलेले नर आधी बाहेर येतात, माद्यांशी त्यांचे मीलन होते, मग ते भिंत पोखरून बाहेर जाण्याची वाट करतात. तोवर आतली पुरुषफुले पिकलेली असतात. नव्या माद्या त्यांचा पराग घेऊन उडतात. त्यांचे आयुष्य एक-दोन दिवसांचे. तेवढ्यात त्यांना कोवळ्या कुप्या लागलेले दुसरे उंबर गाठायचे असते.

आता कोणी म्हणेल, यात नवे काय? उंबरात किडे असतात, हे आपल्या लोकांना ठाऊकच होते. खरे आहे. भातकुलीला आदिनाथाचे दिगंबर जैन मंदिर आहे. माझ्या वर्गातला एक जैन मित्र उंबर तोंडात घालत नसे. वड, पिंपळ, उंबर यांसारखी पाच झाडांची फळे जैन श्रावकाला वर्ज्य आहेत, कारण त्यांत जीव असतात. हा नियम शेकडो वर्षे जुना आहे. म्हणजे कोणीतरी फार पूर्वी उंबर फोडले होते, नीट पाहिले होते आणि जे दिसले त्याला धरून आपले वागणे बदलले होते. या निरीक्षणाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

परंतु "आत जीव आहेत" इथे एक प्रश्न संपतो आणि दुसरा सुरू होतो. ते आत काय करतात? आणि ते आत गेलेच नाहीत, तर काय होईल? हा दुसरा प्रश्न केवळ पाहून सुटत नाही. त्यासाठी प्रयोग करावा लागतो. फुले आणि कीटक यांच्याबाबत हा प्रश्न चिकाटीने विचारणाऱ्यांची एक मोठी परंपरा एकोणिसाव्या शतकात उभी राहिली.

तिचा पाया घातला श्प्रेंगेल या जर्मन शाळामास्तराने. फुलांचे रंग, त्यांवरील खुणा आणि मध हे सारे कीटकांना बोलावण्यासाठी आहे, असे सांगणारे पुस्तक त्याने १७९३ साली प्रसिद्ध केले. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १८४१ मध्ये ते चार्ल्स डार्विनच्या हाती पडले आणि त्याचे मोल डार्विनने ओळखले. पुढे डार्विनने एक अगदी साधा प्रयोग केला. पांढऱ्या क्लोव्हर गवताचे वीस फुलगुच्छ मोकळे ठेवले आणि वीस गुच्छांपर्यंत मधमाश्या पोचणार नाहीत अशी व्यवस्था केली. मोकळ्या गुच्छांत २,२९० बिया धरल्या. झाकलेल्या गुच्छांत एकही नाही! या प्रयोगाला आडोसा, मोजणी आणि धीर यांपलीकडे काय लागले?

मी भौतिकशास्त्र शिकवतो. प्रयोगशाळेत माझा विद्यार्थ्यांना पहिला प्रश्न असतो, "काय बदललेस आणि काय तसेच ठेवलेस?" डार्विनच्या प्रयोगात या प्रश्नाचे उत्तर चोख आहे. गवत तेच, जमीन तीच, ऊन-पाऊस तोच. बदलली ती फक्त मधमाशीची वाट. लंबकाच्या प्रयोगात आपण लांबी बदलतो आणि बाकीचे तसेच ठेवतो, त्याहून हे काही वेगळे नाही.

ही माणसे चुकतही होती, हे आवर्जून सांगतो. काही ऑर्किडांच्या फुलांत मध नसतोच, ती कीटकाला चक्क फसवतात, असे श्प्रेंगेलने लिहिले होते. १८६२ च्या आपल्या ऑर्किडांवरील पुस्तकात डार्विनने हे मानले नाही. एवढी मोठी फसवणूक कीटक पिढ्यान्‌पिढ्या कशी सहन करतील, असे त्याला वाटले. पुढे श्प्रेंगेलच बरोबर ठरला. नाव डार्विनचे असो की आणखी कोणाचे, शेवटचा शब्द फुलाचा असतो.

जर्मनीतल्याच लिपस्टाट गावचा हेर्मान म्युलर हाही शाळेत शिकवणारा. कोणत्या फुलावर कोणता कीटक येतो, याच्या शेकडो नोंदी करून त्याने १८७३ मध्ये ग्रंथ लिहिला. त्याच्या इंग्रजी भाषांतराला डार्विनने प्रस्तावना दिली. आपल्या देशातही हे काम झाले. कोलकात्यात नोकरीला असलेल्या डी. डी. कनिंगहॅम या डॉक्टरने उंबराच्याच कुळातल्या, हिमालयाच्या बाजूला वाढणाऱ्या एका झाडाचा अभ्यास १८८९ मध्ये प्रसिद्ध केला. कीटक आत शिरल्याशिवाय त्या फळांची वाढ पुरी होत नाही, असे त्याला आढळले.

आणि तरीही काम संपले नव्हते. अंजीर-उंबराच्या वर्गातल्या काही माद्यांच्या छातीवर पराग साठवण्याचे खिसे असतात आणि त्या आपल्या पायांनी पराग भरतात व काढतात, ही गोष्ट १९६९ साली उजेडात आली. आपल्या उंबराचे केंबरूही असेच खिसेवाले आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत या उंबरावर आणि त्यातल्या कीटकांवर कितीतरी वर्षे संशोधन झाले आहे. ज्या झाडाखाली आम्ही खेळलो, ते जगाच्या विज्ञानाचा विषय होते आणि आम्ही "फूल नसते" असे लिहून गुण घेत होतो.

म्हणून दोन टोकांची बोलणी मला पटत नाहीत. "सारे आमच्या पूर्वजांना ठाऊक होते" असे म्हणणारा पुढचा प्रश्न विचारत नाही. "विज्ञान परदेशात आणि महागड्या उपकरणांतच असते" असे म्हणणाराही विचारत नाही. दोघांचेही उंबर न फोडलेलेच राहते.

शिक्षक बंधु-भगिनींनो, तुमची अडचण मला समजते. अभ्यासक्रम मोठा, तास थोडे, वर्ग भरलेला. परंतु परागीभवनाच्या धड्यात फळ्यावरून जास्वंदाची आकृती वहीत उतरवण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात एक कोवळे उंबर चिरून होते. प्रात्यक्षिकाची वही सुंदर असूनही विद्यार्थ्याने ती गोष्ट पाहिलेलीच नसेल, तर आपण त्याला विज्ञान शिकवले नाही, न पाहता लिहायला शिकवले. ही सवय पुढे किती महागात पडते, ते मी महाविद्यालयात रोज पाहतो. मीटरचा काटा एक आकडा दाखवत असतो आणि मुलगा शेजाऱ्याच्या वहीतला दुसराच आकडा लिहीत असतो.

मित्रांनो, तुम्ही एवढे करा. बुंध्यावर, हाताशी येतील अशी, हरभऱ्याएवढी कोवळी उंबरे निवडा. झाड ज्याचे असेल, त्याची परवानगी घ्या. वीस उंबरांवर मलमलीची दुहेरी पिशवी सैल बांधा, वीस उंबरांना नुसता रंगीत दोरा बांधा. दर चार दिवसांनी मोजा. किती टिकली, किती पिवळी पडून गळाली? मोकळ्या फळांतले एखादे मधूनमधून चिरून आत काय चालले आहे, तेही नोंदवा. निकाल माझ्या सांगण्याप्रमाणे आला नाही, तरी तो खोडू नका. पिशवीला भोक होते का, मुंग्या शिरल्या का, उंबरे आधीच मोठी झालेली होती का, हे तपासा. मिळालेला आकडा आहे तसाच लिहा.

कोणी हटकले, "उंबर फोडून केंबरे कशाला काढता?" तर नम्रपणे सांगा, "उंबराचे फूल पाहायला!" आणि त्यांनाही भिंग द्या.