व्हायरस बाहेरचा, कडी आतून काढलेली

गेल्या महिन्यात चोर्ला घाटातून बेळगावला जाऊन आलो. निमित्त नेहमीचेच. आक्काकडे दोन दिवस राहायचे, खडेबाजारात थोडी खरेदी करायची आणि येताना कुंदा आणायचा. पण ते दोन्ही दिवस गेले भावोजींच्या लॅपटॉपसमोर. तिथे जे पाहिले ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. पटले नाही तर खुशाल भांडा.

भावोजी म्हणजे कट्टर सीमावासीय. १ नोव्हेंबरला काळी फीत लावल्याशिवाय ते घराबाहेर पडत नाहीत. सीमाभागात कडोली, उचगाव अशा गावांतून मराठी साहित्य संमेलने भरतात, हे आपल्याला ठाऊक आहेच. अशाच एका गावच्या संमेलनाची स्मरणिका भावोजी गेली पंधरा वर्षे टाईप करून देतात. एक पैसा घेत नाहीत. अशा माणसाबद्दल वाकडे लिहायला हात धजत नाही, पण आज लिहिणार आहे.

तर लॅपटॉप सुरू व्हायला वीस मिनिटे. पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरतोय.

"व्हायरसच की रे हा," भावोजी म्हणाले. दुकानात दाखवला तर त्याने झाकण उघडायच्या आधीच निकाल दिला : फॉरमॅट मारूया. आतल्या स्मरणिकांचे काय? जातील म्हणाला. भावोजींना आणखी एक संशय. "मुद्दाम सोडलाय कुणीतरी. आपण मराठीचं काम करतो ना!" मी हसलो. ते हसले नाहीत.

मी काही कॉम्प्युटर इंजिनिअर नव्हे. मराठी घेऊन बी. ए. झालेला सरकारी कारकून. पण फाईल अडली की ती कुठल्या टेबलावर अडली, एवढे शोधायचे कसब वीस वर्षांत अंगी आले आहे. तेच इथे लावले.

आधी सगळ्या स्मरणिका एका बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या, मग टास्क मॅनेजर उघडला. डिस्कचा रकाना शंभर टक्के. का? तर एक नव्हे, दोन अँटीव्हायरस, दोघांचीही मुदत संपलेली, आणि दोघेही तीच ती फाईल तपासताहेत. एका दाराला दोन रखवालदार ठेवावेत आणि त्यांनी दिवसभर एकमेकांचीच झडती घ्यावी, तसला प्रकार. सी ड्राईव्हवर जागा नाही. मशीन सुरू होताना आपोआप उठणारे वीसेक प्रोग्रॅम, त्यातले निम्मे भावोजींनी कधी वापरलेलेही नाहीत. दोन्ही अँटीव्हायरस काढले, भाच्याची लग्नाची व्हिडिओ हलवली, नको ते प्रोग्रॅम बंद केले. वीस मिनिटांची चार झाली. म्हणजे बराचसा आजार व्हायरसचा नव्हताच.

पण उरलेला होता. काहीही उघडलेले नसताना प्रोसेसर ऐंशी टक्क्यांवर. यादीत एक नाव विंडोजच्याच घरातले वाटावे असे. त्याचा पत्ता पाहिला, तर तो सिस्टीमच्या फोल्डरात नाही, भलत्याच कोपऱ्यात. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर चालवला. "काही सापडले नाही!" मग त्याच्या सेटिंगमध्ये शिरलो. ज्या फोल्डरात हा प्राणी बसला होता, तोच फोल्डर 'इथे तपासू नये' या यादीत नोंदवलेला. कोणी नोंदवला?

भावोजींनी. स्वतःच्या हाताने.

मराठी फाँटचे एक विकतचे पॅकेज त्यांनी कुणाच्या तरी पेनड्राईव्हवरून चोरून घेतले होते. सोबत एक चिठ्ठी : आधी अँटीव्हायरस बंद करा, हा फोल्डर वगळण्याच्या यादीत टाका, मग 'पॅच' चालवा. भावोजींनी आज्ञाधारकपणे सगळे केले. तेव्हापासून त्यांचा लॅपटॉप जगात कुठेतरी बसलेल्या माणसासाठी आभासी नाणी पाडत होता. वीज यांची, मशीन यांचे, नाणी त्याची.

यादीतली नोंद खोडली, इंटरनेट तोडून डिफेंडरचे ऑफलाईन स्कॅन केले. मशीन बंद होऊन पुन्हा उठले आणि पाहुणा सापडला. बँकेचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलले. याला अतिकाळजी म्हणू नका. २०१८च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून मालवेअरच्या वाटेने ९४ कोटी रुपये गेले. बँकेची ती गत, आपण कोण?

आता माझे भांडण.

मराठीसाठी काळी फीत लावणारा माणूस मराठी फाँट चोरून का वापरतो? बरे, गरज असती तर समजलो असतो. पण गरजही नाही! युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे. विंडोज २०००पासून ती विंडोजमध्येच येते, वेगळे पैसे न मोजता. जुन्या फाँटमध्ये मशीनच्या पोटात इंग्रजी अक्षरे नि चिन्हे असतात, वर फक्त मराठीचा मुखवटा. फाँट गेला की मराठी गेली, उरतात कंस आणि टिंबे. युनिकोडमध्ये 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे, २३२५. तो बेळगावात तोच, पणजीत तोच, न्यू जर्सीतही तोच. पंधरा वर्षांच्या स्मरणिका, त्यातल्या निपाणीच्या तंबाखू कामगारांवरच्या कविता, खेड्यातल्या बायकांच्या आठवणी, हे सगळे एका चोरलेल्या मुखवट्याच्या भरवशावर होते. त्या दुकानदाराने फॉरमॅट मारला असता तर कोणत्याही सरकारला जमले नसते ते काम अर्ध्या तासात उरकले असते.

आणखी एक गंमत. दोन हजारच्या दशकात आपल्यातल्या कितीतरी जणांनी नेटवर पहिले मराठी अक्षर ज्या 'बरह'वर उमटवले, ते शेषाद्रिवासू चंद्रशेखरन या कन्नड माणसाचे १९९८चे काम. 'बरह' म्हणजे कन्नडमध्ये लेखन. त्याने आधी आपल्या भाषेसाठी केले आणि आपल्यालाही दिले. आम्ही काय केले? क्रॅक शोधला.

कोणी म्हणेल, छापखानेवाले जुनाच फाँट मागतात. मागू देत. लिहा आणि जपा युनिकोडमध्ये, छापण्यापुरते बदलून द्या. विकतचा फाँट हवाच असेल तर विकत घ्या, तो करणाराही मराठीवरच जगतो. आणि विंडोज १०चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आहे, तेव्हा मशीन त्यावर असेल तर पुढची सोय आत्ताच बघा.

गोव्यातल्या मंडळींनी हसू नये. १९८७च्या राजभाषा कायद्यावर आपण आजही तावातावाने बोलतो, पण मराठीत अर्ज टाईप करायची वेळ आली की आमच्याच कचेरीत "कीबोर्ड नाही" म्हणून इंग्रजीत उरकतो. भाषेवर अन्याय झाला नाही असे मी म्हणत नाही. सीमाप्रश्नाचा दावा २००४पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो लढायचाच. पण बाहेरचा शत्रू शोधता शोधता आतून काढलेली कडी दिसेनाशी होते, हे चांगले नव्हे.

भावोजी दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. निघताना मात्र आक्काने सांगितले, रात्री बसून त्यांनी युनिकोडचा कीबोर्ड चालू करून घेतलाय. आतापर्यंत चार स्मरणिका बदलून झाल्यात. रफार आणि जोडाक्षरे बिघडतात, ती हाताने सुधारावी लागतात. अकरा बाकी आहेत. त्यातल्या तीन मी मागून घेतल्या आहेत. कुणाला आणखी एखादी हवी असेल तर कळवा.