ताऱ्यांविना मेघ आणि खोडदची शांतता

पनवेलच्या रात्रीच्या आकाशात आता मोजकेच तारे दिसतात. शहराचा उजेड टाळण्यासाठी हौशी आकाशनिरीक्षक नेरळ-वांगणी गाठतात. दुर्बीण उचलून दूर नेण्याची ही सोय नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला मात्र नाही. पुणे-नाशिक रेल्वेमार्गाच्या वादात हीच गोष्ट दुर्लक्षित राहते.

डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेल्या या दुर्बिणीचे ४५ मीटर व्यासाचे ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरले आहेत. थंड हायड्रोजन डोळ्यांना दिसत नाही. तो २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरींतून ओळखता येतो. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील शास्त्रज्ञांना याच मार्गाने २६ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका दीर्घिकेभोवती हायड्रोजनचे कडे सापडले. २०२० मध्ये जाहीर झालेल्या या कड्याचा व्यास ३ लाख ८० हजार प्रकाशवर्षे, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या सुमारे चौपट आहे. हवाईतील मोठ्या दुर्बिणीनेही तेथे काही ठिकाणी पुसट उजेडापलीकडे काही दिसले नाही.

ताऱ्यांचा कच्चा माल असूनही तारे का नाहीत? वायू फार विरळ असेल, तर तो स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आकुंचन पावत नाही. तो तेथे आला कसा, हा प्रश्न अधिक अवघड आहे. सिंह राशीतील दीर्घिकांच्या गटात १९८३ मध्ये असेच कडे आढळले होते. तो विश्वाच्या आरंभीचा अस्पर्शित वायू असावा, असे दीर्घकाळ मानले गेले. २०२१ मध्ये त्यात जड मूलद्रव्ये सापडली आणि तो दीर्घिकांतून ओढला गेल्याचे मत बळावले. कन्या दीर्घिकासमूहातील एका मेघाला २००५ मध्ये ‘अदृश्य दीर्घिका’ ठरवण्यात आले होते; पुढे तोही गुरुत्वाकर्षणाने ओढलेला वायू असावा, असे दिसून आले. अशा वादांचा निकाल अतिक्षीण संकेतांच्या मोजमापावरच लागतो.

मोबाइल यंत्रणा, वीजवाहिन्या आणि विद्युत रेल्वेच्या ठिणग्या यांपुढे हे संकेत सहज बुडतात. म्हणूनच नारायणगावमार्गे रेल्वे नेण्यास आक्षेप आला आणि मार्ग बदलण्याची भूमिका रेल्वे मंत्रालयाने घेतली. जुन्नर-संगमनेरमधील नाराजी समजण्याजोगी आहे. शेतमालाला बाजारपेठ आणि तरुणांना रोजगार देणारी रेल्वे ही तेथील जुनी मागणी आहे. तिला ‘विज्ञानविरोधी’ म्हणणे अन्यायाचे, तसेच जीएमआरटीला ‘विकासातील अडसर’ ठरवणेही चुकीचे.

किती अंतरावर किती व्यत्यय येतो, याची मोजमापे लोकांसमोर ठेवून निर्णय झाला, तरच तो पटेल. रेल्वेचा मार्ग कागदावर वळवता येतो, वळशाची भरपाई अन्य जोडमार्गांनी करता येते; एकदा गमावलेली रेडिओ शांतता परत मिळवणे जवळजवळ अशक्य असते.