पिस्तुलाची माशी आणि भयाचे अर्थकारण

अमेरिकेत पिस्तूल बाळगणाऱ्यांमध्ये एक घरगुती उद्योग चांगलाच रुळलेला आहे. नवे पिस्तूल विकत आणावयाचे, आणि कारखान्याने त्यावर बसवून दिलेल्या नेमाच्या खुणा, म्हणजे नळीच्या टोकाकडील माशी व मागील बाजूची खाच, काढून टाकून त्यांच्या जागी दुसऱ्या उत्पादकाच्या खुणा घरच्या घरी बसवावयाच्या. वरवर पाहता ही हौशी माणसाची किरकोळ कारागिरी वाटते. परंतु भांडवल, कायदा आणि भय यांची अमेरिकेत जी युती झाली आहे, तिचे स्वरूप या बोटाच्या पेराएवढ्या सुट्या भागात जितके स्पष्ट दिसते तितके मोठमोठ्या घोषणांत दिसत नाही.

ग्लॉक या ऑस्ट्रियन पिस्तुलाचे उदाहरण घ्यावे. १९८२ साली ऑस्ट्रियाच्या सैन्याने ते स्वीकारले. त्याची आखूड आवृत्ती, ग्लॉक १९, १९८८ पासून बाजारात आहे. या पिस्तुलांवर कारखान्यातून सामान्यतः प्लॅस्टिकची माशी व खाच बसवून येते. माशी आतून एका बारीक स्क्रूने धरलेली असते. खाचेचा तुकडा वरच्या सरकत्या पोलादी भागात, तळाशी रुंद व वर अरुंद अशा आडव्या चरात घट्ट बसलेला असतो. तो काढण्यासाठी स्क्रूने ढकलणारे खास हत्यार वापरतात, नाहीतर वाइसमध्ये पकडून पितळी दांडीवर हातोडीचे हलके घाव घालतात. नवा तुकडा घट्ट जात असेल तर त्याचा तळ कानशीने किंचित घासावा लागतो. गोळी उजवीकडे लागावी असे वाटल्यास खाच उजवीकडे सरकवावयाची. माशी उंच घेतली तर गोळी खाली लागते. काम नाजूक आहे आणि अचूक हाताचे आहे. मात्र ग्लॉक उघडताना वरचा भाग सुटा करण्यापूर्वी चाप ओढावाच लागतो. मॅगझिन काढले, पण नळीत राहिलेली गोळी पाहिली नाही, तर घरच्या मेजावरच अपघात होतो.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पिस्तूल ही अत्यंत टिकाऊ वस्तू होय. तेलपाणी केले तर ते एका पिढीकडून दुसरीकडे जाते. जिनिव्हा येथील स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार अमेरिकेतील नागरिकांच्या हाती सुमारे ३९ कोटी ३० लाख बंदुका होत्या. दर शंभर माणसांमागे सुमारे १२०. टिकाऊ वस्तूची बाजारपेठ अशी भरून वाहू लागली म्हणजे भांडवलापुढे प्रश्न उभा राहतो की आता विकावयाचे काय? त्याचे एक उत्तर म्हणजे वस्तू कधीच पुरी होऊ द्यावयाची नाही. प्लॅस्टिकच्या खुणांनी उत्पादकाचा खर्च वाचतो, आणि धातूच्या खुणांसाठी ग्राहक पुन्हा पैसे मोजतो. त्या बसविण्याचे श्रमही तोच पुरवितो, तेही विनावेतन. उत्पादनाचा अखेरचा टप्पा असा कारखान्यातून ग्राहकाच्या घरात ढकलला जातो.

रात्री चमकणाऱ्या खुणांची कथा तर अधिक बोधप्रद आहे. त्यांत ट्रिटियम या किरणोत्सर्गी वायूने भरलेल्या सूक्ष्म काचनळ्या असतात. ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे, म्हणजे तेवढ्या काळात त्याचे तेज निम्म्यावर येते. ग्राहकाला त्याच खरेदीकडे परत आणण्याची व्यवस्था येथे निसर्गनियमानेच करून ठेवली आहे. पुढे विजेरीवर चालणारे लाल ठिपक्याचे भिंग आले. ते पिस्तुलावर चढविले की नेहमीच्या खुणा त्याआड झाकल्या जातात, म्हणून आणखी उंच खुणा घ्याव्या लागतात. एक जोडवस्तू दुसरीची गरज निर्माण करते आणि गरजेला अंत राहत नाही.

कायद्याने या व्यापाराला मोकळे रान दिले आहे. १९६८ च्या संघीय बंदूक नियंत्रण कायद्यानुसार पिस्तुलाचा अनुक्रमांक असलेला सांगाडा हेच कायद्याच्या लेखी शस्त्र. माशी, खाच वा नळी यांना विक्रीपूर्व पार्श्वभूमी तपासणी लागत नाही. त्याच कायद्याने आयात पिस्तूल क्रीडोपयोगी असावे अशी अट घातली, आणि ती मोजण्यासाठी गुणांची पद्धत आली. आयातीस किमान ७५ गुण हवेत, आणि नेमबाजीच्या, फिरवून जुळविता येणाऱ्या खुणांना गुण मिळतात. तेव्हा ग्लॉकची आखूड पिस्तुले अशा खुणा लावून अमेरिकेत उतरविली जात, आणि आत आल्यावर त्या काढून साध्या खुणा बसविल्या जात. म्हणजे सुट्या भागांची अदलाबदल हौशी ग्राहकाने सुरू केली असे मानण्याचे कारण नाही. कायद्याला वळसा घालण्यासाठी ती उद्योगानेच केली होती. १९७२ साली ग्राहकवस्तूंच्या सुरक्षिततेसाठी आयोग स्थापन झाला, तेव्हा बंदुका त्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आल्या. परिणामी खेळण्यातली बंदूक सुरक्षित आहे की नाही हे तो आयोग पाहू शकतो, खऱ्या बंदुकीबाबत त्याला तो अधिकार नाही.

२००५ हे वर्ष या संदर्भात विशेष ध्यानात ठेवावे. त्या वर्षी जून महिन्यात कॅसल रॉक गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, न्यायालयाचा संरक्षणाचा आदेश हाती असूनही पोलिसांनी त्याची अंमलबजावणी केली नाही, तरी पीडितेला त्याबद्दल घटनात्मक हक्काचा भंग म्हणून दाद मागता येणार नाही. त्या स्त्रीच्या तीन मुली बापाकडून मारल्या गेल्या होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात काँग्रेसने संमत केलेला कायदा अमलात आला. इतरांनी केलेल्या गुन्हेगारी वापराबद्दलच्या बहुतेक दाव्यांपासून बंदुकांचे, काडतुसांचे आणि सुट्या भागांचे उत्पादक व विक्रेते यांना त्याने संरक्षण दिले. नागरिकाला संरक्षणाची हमी नाही, पण शस्त्रविक्रेत्याला ती आहे, असा या दोन घटनांचा एकत्रित अर्थ होतो. राज्यसंस्थेने सोडून दिलेली सुरक्षितता मग बाजार सुटी सुटी करून विकू लागला, यात नवल ते काय?

या विक्रीचे मुख्य भांडवल भय हेच आहे. प्यू या संशोधन संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत बंदूकधारकांपैकी ७२ टक्क्यांनी स्वसंरक्षण हे बंदूक बाळगण्याचे प्रमुख कारण सांगितले. अंधारात घरात शिरलेला अनोळखी इसम हे या भयाचे चित्र. चमकणारी माशी त्याच्यासाठीच. प्रत्यक्षात २०२३ साली अमेरिकेत बंदुकीने ४६ हजार ७२८ माणसे मृत्यू पावली आणि त्यांपैकी सुमारे २७ हजार ३०० आत्महत्या होत्या. या मृत्यूंना माशी लागत नाही, खाच लागत नाही, नेम धरावा लागत नाही. कर्ज, बेकारी, एकाकीपण वा असाध्य दुखण्याने खचलेल्या माणसाच्या हाताशी शस्त्र होते, एवढेच पुरेसे ठरते. ज्या धोक्यासाठी माणूस खर्च करतो आणि ज्या धोक्याने तो मरतो, त्यांत हे अंतर आहे. बाजाराला पहिल्यावर नफा मिळतो, म्हणून दुसऱ्याविषयी तो मौन पाळतो.

यावर डाव्या विचाराच्या मित्रांकडूनही आक्षेप येतो. श्रमिकांनी शस्त्रे खाली ठेवू नयेत, असे मार्क्स व एंगल्स यांनी १८५० च्या मार्चमधील पत्रकात सांगितलेच होते, असे ते म्हणतात. कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते उघडपणे बंदुका घेऊन पोलिसांवर पाळत ठेवू लागले, तेव्हा १९६७ साली गव्हर्नर रेगन यांच्याच सहीने भरलेली बंदूक उघड बाळगण्यावर बंदी आली, हाही दाखला दिला जातो. दाखला खरा आहे. शस्त्राचा हक्क कोणाच्या हाती आहे यावर सत्ताधाऱ्यांचे प्रेम अवलंबून असते, हे त्यातून सिद्ध होते. परंतु १८५० चे पत्रक संघटित वर्गाविषयी बोलत होते. एकेकट्या घरात, शेजाऱ्यालाच संभाव्य चोर समजून, माशी बदलीत बसलेला ग्राहक हा त्या संघटनेचा नेमका अभाव होय.

तथापि त्या माणसाची टवाळी करणे समाजवाद्यांना शोभणारे नाही. त्याच्या हातातील कौशल्य खरे आहे. सहस्रांश इंचाचा फरक ओळखणारी ती नजर कोणत्याही कारखान्यात मानाची ठरावी. त्याचे भयही सर्वस्वी कल्पित नाही. मदतीला कोणी येईलच असे ज्या समाजात सांगता येत नाही, तेथे माणूस स्वतःपुरती तटबंदी उभारणारच. दोष तटबंदीचा एकेक दगड त्याला विकणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

भारतातील १९५९ चा शस्त्र कायदा शस्त्राच्या व्याख्येतच त्याच्या भागांचा समावेश करतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीने बाळगावयाच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. हे योग्यच आहे. पण केवळ कायद्याने भयाचा बाजार बंद होत नाही. उंच कुंपणे आणि खासगी पहारेकरी या रूपांनी तो येथेही फोफावतो आहे. ज्याची ऐपत आहे त्याने आपली सुरक्षितता विकत घ्यावी, हे तत्त्व एकदा मान्य झाले की ज्याची ऐपत नाही तो संशयित ठरतो. म्हणून दिवे असलेला रस्ता, तक्रार नोंदवून घेणारे पोलीस ठाणे, खचलेल्या माणसाला वेळेवर भेटणारा सरकारी डॉक्टर आणि हाताला काम, या मागण्यांना सुरक्षिततेच्या मागण्या म्हणूनच चळवळीने पुढे रेटले पाहिजे. सुरक्षितता हा सर्वांचा हक्क आहे, आणि तो संघटितपणेच मिळवावा लागेल.